रिकाम्या हाताने वर नाय

पनवेलजवळच्या अभयारण्यात किल्ल्याची वाट सुरू होते, तिथे हसनचाचा दगडावर बसलेले असतात. वर जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ते चुन्याची पिशवी देतात. पक्षी बघायला आलेले असोत, लग्नाआधीचे फोटो काढायला आलेले असोत, सूट कुणालाच नाही. "रिकाम्या हाताने वर नाय," एवढंच म्हणतात. तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनाही दोन किलोची पिशवी मिळाली. त्यांनी ती दुसऱ्या वळणावर हळूच ठेवून दिली. मागून येणारे चाचा म्हणाले, "साहेब, तुमचं सामान राहिलं." साहेब पिशवी उचलायला परत फिरले.

चाचा गवंडी. तीस वर्षं आखातात उंच इमारतींवर सिमेंटचं काम केलं. परत आल्यावर सिमेंटशी त्यांनी अबोला धरला. किल्ल्यावरची पहारेकऱ्यांची जुनी खोली ते चुना, वाळू आणि गुळाच्या पाण्याने दुरुस्त करतात. भिंतीवर कोळशाने नाव लिहिणाऱ्याला काथ्या देऊन घासायला बसवतात. "तू बांधलंस काय? मग तुझं नाव कशाला?"

रेशन दुकानातलं मशीन त्यांचा अंगठा ओळखत नाही. बोटांवरच्या रेषा सिमेंटने खाल्ल्या. "मशीनला सांग, हसन हाय," असं ते दुकानदाराला दर महिन्याला बजावतात.

यंदा उन्हाळ्यात एक कंत्राटदार खोलीला आतून सिमेंटचा गिलावा करायला आला. चाचा जाऊन त्याच्या गोण्यांवर बसले. तीन दिवस डबा तिथेच खाल्ला. नमाजापुरते उठत. तेवढा वेळ मजूरही गोण्यांना हात लावत नसत.

"चाचा, उठा आता. सिमेंट मजबूत असतं," कंत्राटदार म्हणाला.

"मजबूत हाय, पन श्वास घेत नाय. ओल आत कोंडते, दगड कुजतो. तुझ्या बंगल्याला लाव, मी येतो बघायला."

शेवटी कंत्राटदाराने आठ दिवस दिले. तेवढ्यात भिंत चुन्यात पुरी झाली तर ठीक, नाहीतर सिमेंट. त्या आठवड्यात पिशव्या दुप्पट जड झाल्या. पेपरसाठी बातमी करायला गेलेल्या मीही दोन खेपा केल्या. आठव्या दिवशी कंत्राटदाराने भिंत ठोकून पाहिली आणि गोण्या खाली नेल्या.

दाराजवळ वीतभर जुना गिलावा चाचांनी तसाच सोडला होता. मी विचारलं, हा का राहिला?

"हात लावू नका. बघा."

त्यात एक पंजा उमटलेला होता. कुणा जुन्या गवंड्याचा. बोटांवरच्या रेषाही दिसत होत्या.

"ह्याच्यासाठी बसलो होतो. सिमेंटखाली गेला असता."

मग इकडेतिकडे पाहून चाचांनी शेजारच्या ओल्या चुन्यात स्वतःचा पंजा दाबला.

"पेपरवाले, तुमची नजर चांगली. रेषा आल्या काय?"

मी वाकून पाहिलं. पंजा गुळगुळीत होता.

"पाचही बोटं स्वच्छ आली आहेत," मी म्हणालो.

"ते नाय विचारलं मी."

त्यांनी हात पुसला, गोणपाट भिजवलं आणि दोन्ही पंजे झाकले जातील असं भिंतीवर टांगलं.