सरकती गल्ली

जगभरच्या ब्राउझरवाल्यांना आपण एकटे पुरून उरू, याबद्दल कमलेशच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पवनीत बावीस वर्षं कॉम्प्युटर क्लास चालवलेला माणूस तो!

भानगड अशी, की गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात त्याचं गाव गेलं तेव्हा त्याने गावाची वेबसाइट बनवली होती. नदीघाटापासून मारुतीच्या पारापर्यंतची घरं, मालकांच्या नावांनी, ओळीने उजवीकडून डावीकडे सरकत जायची. बघताना गल्लीतून चालल्यासारखं वाटे. आता वेबचे नियम ठरवणाऱ्या मंडळींत प्रस्ताव आला होता, की नावं सरकवणारा तो मार्की टॅग, म्हणजे कोडमधली खूण, ब्राउझरमधून कायमचा काढावा.

"बाबा, टॅगनं अर्थ सांगावा," नागपुरात वेबसाइटचंच काम करणारी त्याची लेक ज्योत्सना म्हणाली. "ही नावांची यादी आहे. सरकवणं म्हणजे नुसती सजावट."

"अवं, सरकनं हाच अर्थ हाय तिचा. गल्ली हाय ते."

त्याने अकरा पानी हरकत पाठवली. वाद पेटला. फिनलंडच्या एका गृहस्थाने विचारलं, हे खरोखर बघतं कोण? कमलेशने छातीठोक लिहिलं, गावच्या रेवताबाई, वय एक्क्याऐंशी, रोज दुपारी माझ्या क्लासमध्ये येऊन बघतात. झालं, ऑनलाइन बैठकीत साक्षीदारासह दहा मिनिटं मिळाली.

रेवताबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. ज्योत्सना दुभाषी. तुलनेसाठी तिने स्क्रीनवर सरकत्या नावांशेजारी साधी यादी उघडली होती. तीच नावं, एकाखाली एक, जागच्या जागी.

"मावशी, सांगा यायले, कसं वाटते?" कमलेश म्हणाला.

रेवताबाईंचं बोट साध्या यादीवर टेकलं होतं. "हे माहं घर," त्या हळूच म्हणाल्या.

"तिकडं नाही, सरकत्या नावाकडं पाहा."

"नाही पाहत. इतकी वर्सं पाहून राहिली. चष्मा लावेपावतर माहं घर निघून जाये, दिसे तो भैय्याजीचा गोठा. एकदा गेलं ना बाप्पा पान्यात. मंग तू त्याले रोज कायले पळवून राहिला?"

ज्योत्सनाने शब्दन् शब्द भाषांतर केलं. फिनलंडवाल्याने चष्मा काढून पुसला. कमलेशने हरकत मागे घेतली.

बैठक संपली तरी रेवताबाई बोट काढीनात. ज्योत्सनाने विचारलं, "बाबा, यात आपलं घर कुठंय?"

कमलेशने घाटापासून पारापर्यंत यादी वाचली. मग पारापासून घाटापर्यंत वाचली.

"आपलं टाकाचंच राहून गेलं वाटते," तो म्हणाला.