पुंडलिकबाबचा तुळाभार

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुंडलिकबाबचे वजन भरले चौऱ्याण्णव किलो दोनशे ग्रॅम. हजर दोघेच, मी आणि तो. त्याआधी अठ्ठ्याऐंशी भरले होते, पण तेव्हा त्याचा एक पाय माझ्या सुपारीच्या काट्याबाहेर जमिनीवर होता.

पुंडलिकबाब आमच्या सर्वण गावचा, माझा शेजारी. तीस वर्षे खाणीवर ट्रक चालवला. आता घरात पाच मिनिटे बसवत नाही. त्या दिवसापासून तो रोज तीनदा काट्यावर चढू लागला. चहाआधी, चहानंतर, एकदा तर केस कापून थेट इकडेच. खिशातल्या किल्ल्या काढी, चष्मा काढी, मग आकडा दिसेना म्हणून मला वाचायला लावी. मी कॅलेंडरवर लिहून ठेवी.

डॉक्टरने दोन वर्षे भीती घातली होती. "फाल्यांसून पक्के," उद्यापासून नक्की, एवढेच तो म्हणे. पहाटे पुलापर्यंत चालायला जाई, आणि पुलाशी हॉटेल. पहिल्या आठवड्यात चालून चारशे ग्रॅम वाढले. विचारले तर म्हणाला, भाजी-पाव मी मागितला नाही, त्यानेच ठेवला.

यंदा मात्र घाई होती. अकरा वर्षांपूर्वी तो काविळीतून कसाबसा उठला, तेव्हा त्याच्या बायकोने, शेवंतीने, देवीला आंगवण केली होती: याच्या वजनाइतका गूळ वाहीन. तेव्हा तो बावन्न किलो होता. नवस राहून गेला आणि हा वाढत गेला. या वैशाखात तुळाभार करायचाच, असे तिने ठरवले. भटजी म्हणाले, वजन धरायचे ते त्या दिवशीचे.

तिठ्यावर लोक विचारीत, "गुळाचा भाव उतरला काय रे, की तूच उतरतोस?" तो हसून पुढे जाई. मलाही तो चिक्कूपणाच वाटला. शेवटी म्हटले, दहा किलो गूळ मी घालतो बाबा, पण माझा काटा सोड.

तो काट्यावरून उतरला. पुन्हा चढला.

"मास्तर, तिला दुसऱ्याचा गूळ चालत नाही. माझाही नाही. गेल्या उन्हाळ्यापासून कोकमाची सोलां सुकवून, ती विकून गूळ घेते. आंबटाने बोटांची साल गेलीय तिच्या. मीठ लागले की हात मागे घेते. माझा एक किलो म्हणजे तिचे दोन दिवस."

त्यानंतर पुलापर्यंत मीही जाऊ लागलो. हॉटेलच्या बाजूने मी चाले.

वैशाखात तो पारड्यात बसला आणि शेवंती समोर ढेपी चढवू लागली. पारडी समान झाली, तरी बाजूला ढेप उरलीच. तिने चौऱ्याण्णव किलो आणला होता. पाडव्यानंतर तिने विचारले तेव्हा पहिला आकडा मीच दिला होता. पुढचे आकडे तिला सांगायचे मला सुचलेच नाही.

पुंडलिकबाब पारड्यातून उतरेना. तिच्या बोटांकडे बघत राहिला. ती हळूच म्हणाली, "उतरा आता. लोक बघतात."

देवीला पोचला सत्त्याऐंशी किलो सहाशे ग्रॅम. उरलेला सहा किलो चारशे ग्रॅम शेवंतीने घरी नेला आणि पावसाळाभर त्यालाच वाढला. त्याने एक खडाही ताटात ठेवला नाही.