गुडघेवाले रामजीकाका

रामजीकाका राठोडांचा एक गुडघा पिवळा असतो आणि दुसरा हिरवा. एकावर हळदीचा लेप, दुसऱ्यावर रुईची पानं. धोतर खोचून ते पारावर बसले, की येणाराजाणारा आधी गुडघे बघतो, मग तोंड.

बाभुळगावजवळच्या आमच्या तांड्यात काका माझे शेजारी. बाजारात गुडघेदुखीवर नवं काही आलं, की ते काकांनी आणलंच समजा. लाल तेल, काळं तेल, चुंबकाचा पट्टा. एकदा मधमाशी चावून घ्यायला गेले, तर ती विकणाऱ्यालाच चावली. "पह्यले माह्याले लाव," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि पुढच्या बाजारात त्याच दुकानासमोर उभं राहून निकाल, तोही ओरडून: "या तेलानं गुडघा नाही, सायकलची चेन मस्त चालते!" चुंबकाचे पट्टे विकणारा एक जण तर काका दिसले की दुकान गुंडाळतो.

मला या प्रकाराचा संताप यायचा. मी पत्रकं वाटणारा माणूस. 'गुडघ्यांच्या नावानं चाललेली लूट बंद करा' हे पत्रक मी लिहिलं आणि पहिली प्रत काकांना दिली. त्यांनी ती शेकायच्या गरम विटेला गुंडाळली.

गेल्या हिवाळ्यात तांड्यात एक गाडी आली. फलक केवढा! 'चिरफाड नाही, भूल नाही, एका सुईत गुडघा नवा.' कापूस वेचून गुडघे झिजलेल्या बाया सभामंडपात रांगेनं बसल्या.

मी विचारलं, "सुईत काय आहे?"

"परदेशी औषध," पांढऱ्या कोटातला माणूस म्हणाला.

"नाव?"

"सांगून तुम्हाला कळणार नाही."

कळणार नाही! सुई आमच्या सांध्यात जाणार, दुखणार आम्हाला, आणि कळणार मात्र यांना! मी तोंड उघडणार, एवढ्यात काका उठले.

"पह्यले माह्याले लाव. पन नाव सांगून."

कोटवाल्यानं काकांचे गुडघे दाबले, वाकवले. त्यांना उकिडवं बसवलं, उठवलं. काका कबड्डीत उठावं तसे ताडकन उठले. कोटवाला ओरडला, "यांना काहीच झालेलं नाही! नाटक करता काय?"

मंडप हसला. मी तर थक्कच.

"नाही दुखत माह्या गुडघ्याले," काका म्हणाले. "म्हनून तं बराबर समजते ना लेका, औषध काय करून राह्यलं ते! दुखऱ्या मानसाले तू काहीबी सांगशीन. नाव सांगतं, का गाडी भरतं?"

एक एक बाई उठून काकांच्या मागे उभी राहिली. कोटवाल्यानं गाडी भरली.

"काका, धडधाकट गुडघ्यांना हे सोंग कशाला?" मी चिडूनच विचारलं.

त्यांनी मला घरी नेलं. सोनाकाकी उभ्यानं भाकरी थापत होत्या. विटा रचून काकांनी चूल कमरेएवढी उंच केली होती. काकींना खाली बसताच येत नव्हतं. गुडघ्यावर भाजल्यासारखा काळा डाग.

"मांगं तेल आनलं मीनं बाजारातून," काका म्हणाले. "बिब्बा होता त्यात. पूरा गुडघा उतला हिचा. मले शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं. एक शबद नाही बोलली."

"मग दवाखान्यात का नाही नेलं?" मी विचारलं.

"कसा नेऊ? यष्टीची पायरी चढता येत नाही तिले. ऑटोत पाय मोडून बसा लागते. मीच गेलतो यवतमाळले. डाक्टरीनबाई म्हने, पेशंट कुठी हाय? म्हनलं, घरी हाय, तुमी मले कसरत शिकवा, मी तिले शिकवतो. हाकलून देलं तिनं मले."

माझा सगळा राग तेव्हा जागा बदलून बसला. चिरफाडीशिवायचे उपाय खरेच आहेत हो! मांडीला बळ देणारे व्यायाम, शेक, वजन आवरणं, हातात काठी, आणि गरज पडली तर नीट तपासून, नाव सांगून दिलेली सुई. झिजलेला गुडघा त्यानं नवा होत नाही, पण पुष्कळ माणसं हिंडूफिरू लागतात. मात्र हे सगळं जिल्ह्याच्या गावाला. आणि तिकडे नेणाऱ्या बसची पहिली पायरी म्हातारीच्या गुडघ्याएवढी! म्हणजे ज्याचा गुडघा वाकतो, त्यानंच गुडघा दाखवायला यायचं. लुटारूंची गाडी बरी दारापर्यंत येते.

"उद्या काकींना घेऊन जाऊ," मी म्हणालो. "मी येतो सोबत."

फाट्यावर बस थांबली. काकींनी दांडी धरली, पाय उचलला. तो अर्ध्यातच थांबला. पुन्हा उचलला. ओठ दाताखाली गेला.

"चला आजी, लवकर!" कंडक्टर.

काका पुढे झाले. धुळीत एक गुडघा टेकून त्यांनी दुसरी मांडी पुढे केली.

"दे पाय."

"बावरले का जी? नवऱ्याच्या अंगावर पाय देऊ? पाप लागन मले. लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे. दे पाय वं."

कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर होता. त्यानं तो खाली घेतला.

काकींनी चप्पल काढून माझ्या हातात दिली. माझ्या खांद्याचा आधार घेत पदराच्या टोकानं तळपाय पुसला, नीट पुसला. मग पाय ठेवला.