हरणांना वाचता येत नाही

ड्यूई स्ट्रिकलिन सकाळची कॉफी घेऊन मागच्या ओसरीवर आला, तर त्याच्या हरणांच्या शेतात एक बाई वाकलेली. पाठमोरी होती, पण तसं वाकणारी बाई अख्ख्या गावात एकच होती. त्याच्या बायकोची थोरली बहीण, इमोजीन.

"इमोजीन!" तो ओरडला. "ते हरणांचं आहे!"

"ठाऊक आहे," इमोजीन मान वर न करता म्हणाली. "विचारलं मी त्यांना. कुणी नाही म्हणालं नाही."

"अगं पण मी नाही म्हणतोय ना!"

"तू काय हरीण आहेस?"

सलगमच्या पाल्याचा भारा कडेवर घेऊन ती शांतपणे गाडीकडे चालू लागली. कॉफी निवली. ड्यूईने ती तशीच गिळली. चांगलं उत्तर त्याला नेहमी समोरचा माणूस घरी पोचल्यावर सुचायचं.

ते शेत म्हणजे त्याची हौस नव्हती. गेल्या वर्षी ओकच्या झाडांना बियाच धरल्या नाहीत, आणि हरणं हिवाळाभर त्यांवरच जगतात. जानेवारी संपता संपता एक हरिणी थेट ओसरीच्या पायऱ्यांपर्यंत आली आणि त्याच्या बायकोने, नेल्डाने, दाराशी टाकलेला नाताळातला वाळका हार चघळू लागली. गाभण होती, आणि तरी तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. ड्यूई शिकारी माणूस. मोसमात एक हरीण मारायचा, त्याचं मांस फ्रीझरमध्ये ठेवायचा, त्यात त्याला काही वावगं वाटत नसे. पण त्या दिवशी त्याला घास गेला नाही. जंगलात कळप राखायचा तर पोटभर राखावा, उपाशी जनावर मारण्यात कसला आलाय पुरुषार्थ, असं तो बी-खताच्या दुकानात चारचौघांत बोलून बसला. यंदाही ओक रिकामेच होते. म्हणून त्याने गोठ्यामागचा तुकडा नांगरला, मातीत चुना कालवला आणि ओट आणि सलगम पेरले. ओट आत्ताच्यासाठी. सलगम जानेवारीसाठी, आधी पाला, मग जमिनीतले कंद. तोवर शेत टिकलं तर तीच हरिणी उन्हाळ्यात धडधाकट पाडस घेऊन येणार होती.

अडचण एवढीच होती की हरणं सलगमच्या पाल्याला लगेच तोंड लावत नाहीत. एकदा दव गोठवणारी थंडी पडली की पाल्यातला कडूपणा जातो, मग तुटून पडतात. तोपर्यंत शेत गुडघाभर हिरवंगार, कुणी न शिवलेलं, आणि तेही रस्त्याला लागून. अलाबामात लोकांच्या डोळ्यांसमोर सलगमचा पाला असा उभा ठेवणं म्हणजे दार सताड उघडं टाकून चुलीवर मटणाचा रस्सा उकळत ठेवण्यासारखंच.

"हरणं खात तर नाहीत!" नेल्डा म्हणाली. ती त्याची बायको असली तरी या लढाईत तिच्याकडे तटस्थ देशासारखंच बघावं लागत होतं. "वाया चाललाय नुसता."

"थंडीने गोड झाला की खातील."

"थंडीने गोड झाला की माणसंही खातात, ड्यूई. म्हणून तर चर्चचं पाल्याचं जेवण पहिल्या गोठलेल्या दवानंतरच्या शनिवारी असतं."

हेच त्याला खुपत होतं. हरणं आणि चर्चच्या बायका एकाच सकाळची वाट पाहत होत्या, आणि त्या जेवणाचं स्वयंपाकघर इमोजीनच्या ताब्यात होतं.

त्याने आधी शेताभोवती दोरी बांधून तिला पत्र्याच्या थाळ्या टांगल्या. बायकांनी दोरी उचलून धरली आणि एकमेकींना "सांभाळून गं" म्हणत आत गेल्या. मग त्याने बुजगावणं केलं. आपला जुना कोट, जुनी टोपी, चेहऱ्यावर कोळशाने काढलेल्या रागीट भुवया. आणि ते रस्त्याकडे तोंड करून उभं केलं. ओट खायला येणाऱ्या दोन हरिण्या चार दिवस फिरकल्या नाहीत. इमोजीन मात्र आली, ऊन लागायला लागलं तसा तिने स्वेटर काढून बुजगावण्याच्या एका हातावर टाकला, दुसऱ्या हातात आपली पर्स अडकवली आणि पाला खुडायला लागली. जाताना त्याची टोपी सरळ करून गेली.

ड्यूईने तिला कुंपणाशी गाठलं.

"सिस्टर इमोजीन," तो म्हणाला. चर्चमधल्यासारखं तिला सिस्टर म्हणणं म्हणजे त्याच्या रागाची परमावधी होती. "ही चोरी आहे."

"उन्हाळ्यात माझ्या परसातल्या शेंगा कुणी खाल्ल्या?"

"हरणांनी."

"कुणाच्या?"

ड्यूई कुंपणाची तार चाचपू लागला. आपला कळप, आपली हरणं असं तो स्वतःच गावभर सांगत फिरला होता.

"मी वसुली करतेय," इमोजीन म्हणाली. "आणि देवाने सलगम माणसांसाठी निर्माण केला. तुला तो खाता येत नाही, त्यात देवाचा काय दोष?"

हा घाव खोल होता. ड्यूईने लहानपणापासून सलगमचा पाला तोंडात घातला नव्हता. आई रोज त्याचं पातेलं उकळवायची, घरभर तो वास. एक दिवस त्याने खाणार नाही म्हणून सांगितलं. आईने वाडगा पुढ्यात ठेवला आणि संपल्याशिवाय उठायचं नाही म्हणाली. तो दिवेलागणीपर्यंत हाताची घडी घालून बसून राहिला. शेवटी आईच दमली. उभ्या आयुष्यात त्याने जिंकलेली ती एकच लढाई, आणि ती तो अजून लढत होता. पाल्याच्या जेवणालाही दरवर्षी जायचा आणि कोंबडी खाऊन परत यायचा.

शुक्रवारी सकाळी गवत पांढरंफटक पडलं. दव गोठलं होतं. ड्यूईला बी-खताच्या दुकानात जायचं होतं. तो परत आला तेव्हा दुपार कलली होती. नेल्डा घरात नव्हती, शेत जागच्या जागी दिसत होतं, आणि उद्या शनिवार होता. उद्या पहाटे बायकांची पलटण येणार. थाळ्या हरल्या, बुजगावणं फितूर झालं. त्याला काहीतरी असं हवं होतं ज्याने बायका पळतील आणि हरणं पळणार नाहीत.

हरणांना वाचता येत नाही, हे त्याच्या अचानक लक्षात आलं.

गोठ्यातली एक फळी आणि लाल रंगाचा डबा त्याने काढला, आणि सूर्य मावळायच्या आत बुजगावण्याच्या गळ्यात पाटी लटकली: "सावधान! विषारी फवारणी केली आहे. खाल्ल्यास आम्ही जबाबदार नाही." ड्यूई दोन पावलं मागे सरकला आणि त्याने पाटी पुन्हा वाचली. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे आपलं हे पहिलं मोठं काम त्याला फारच झकास वाटलं.

शनिवारी पहाटे कुणीच आलं नाही. ड्यूई खिडकीशी उभा राहून शीळ घालत होता. संध्याकाळी नेल्डाबरोबर चर्चच्या जेवणाला गेला तेव्हा त्याची छाती इंचभर तरी पुढे आलेली होती.

हॉलमध्ये शिरल्यावर तो वास आला. पाल्याचा. मोठाल्या पातेल्यांतून वाफा निघत होत्या, डुकराच्या मांसाचे तुकडे वर तरंगत होते, शेजारी मक्याचा पाव आणि मिरच्या मुरवलेलं व्हिनेगर. ब्रदर टॅलमज, म्हणजे त्यांचे पाद्री, दुसरा वाडगा संपवत होते.

"एवढा पाला कुठून आणला हिने?" ड्यूईने नेल्डाला विचारलं.

"आपल्याकडून," नेल्डा म्हणाली. "काल तू दुकानात गेलास तेव्हा. मीच बोलावलं सगळ्यांना, रस्त्याकडून दिसणार नाही अशा मागच्या कडेचा खुडला. हे बघ, डोळे वटारू नकोस. जमीन माझ्या वडिलांची आहे. निदान अर्धं शेत तरी माझं आहे की नाही?"

ड्यूईला पाटी आठवली. मग त्याने मनातल्या मनात शुक्रवारची दुपार आणि शुक्रवारची संध्याकाळ एकीपुढे एक लावून पाहिल्या, आणि पाला आधी निघाला, पाटी मागून आली, हे बघून त्याचा जीव भांड्यात पडला. कुणी पाहिली नसेल तर विषय संपला. तो कोंबडीची तंगडी घेऊन कोपऱ्यात जाऊन बसला.

तेवढ्यात त्याचा शेजारी पर्व्हिस आला. उशिरा आला होता, भुकेला होता, वाडगा भरून घेत होता.

"झकास दिसतोय गं इमोजीन! कुठला?"

"ड्यूईचा."

पर्व्हिसने पळी पातेल्यात सोडून दिली. "ड्यूईचा? त्या पाटीवाल्या शेतातला?"

"कसली पाटी?"

"विषारी फवारणीची!"

कुणाचा तरी काटा बशीवर खणकन पडला. ब्रदर टॅलमज यांनी तोंडातला घास गिळावा की नाही याचा क्षणभर विचार केला आणि सवयीने गिळला.

"माझी जीभ बधिर झालीय," मागून एक बाई म्हणाली.

"ते मिरच्यांच्या व्हिनेगरने, आई!"

"मला मघापासूनच गरगरतंय," दुसरीने जाहीर केलं. एकाने डॉक्टरला फोन लावला, एकजण देवाला आळवू लागला, आणि पर्व्हिस, ज्याने एक घासही खाल्ला नव्हता, पोट धरून खाली बसला.

सगळ्या माना ड्यूईकडे वळल्या.

आता ड्यूईपुढे दोनच रस्ते होते. पाटी खोटी आहे असं सांगावं, तर सोमवारपर्यंत शेताचं टक्कल होणार आणि जानेवारीत ती हरिणी पुन्हा वाळका हार चघळणार. सांगू नये, तर सगळी मंडळी इस्पितळात जाणार, तीही ठणठणीत असताना. त्याला भरल्या सभेत बोलायची भयंकर भीती वाटत असे. तरी तो उठला, आणि आवाज त्याच्या नकळत मोठा निघाला.

"फवारणी-बिवारणी काही केलेली नाही! पाटी खोटी आहे. मी लिहिली. आणि तुम्ही सगळे हरणांच्या तोंडचा घास पळवता म्हणून लिहिली! परत लिहीन!"

"देवाच्या घरात उभा राहून सांगतोस?" इमोजीन म्हणाली.

"देवाच्या घरात त्याच्याच हरणांची बाजू घेतोय मी!"

"पण काल खोटं आणि आज खरं, हे आम्ही कशावरून धरायचं?" ब्रदर टॅलमज म्हणाले. त्यांचा चेहरा पाल्याच्याच रंगाचा झाला होता. "ड्यूई, बाबा रे, माझे दोन वाडगे झालेत."

इमोजीनने पातेल्यातून एक वाडगा काठोकाठ भरला, हॉल ओलांडून आली आणि तो ड्यूईपुढे ठेवला. मग हाताची घडी घातली.

तोच वास. तोच काळपट हिरवा गोळा. ड्यूईने नेल्डाकडे पाहिलं, तिने नजर छताला लावली. त्याने चमचा उचलला. आई वरून बघत असेल आणि शेवटी जिंकलीच, हा विचार त्याला सर्वांत जास्त टोचला. त्याने डोळे मिटले आणि घास घेतला.

ब्रदर टॅलमज पुढे वाकून बघू लागले.

दुसरा घास घेतला. तिसऱ्याला त्याने डोळे उघडले. मग मक्याच्या पावाचा तुकडा मोडला, रसात बुडवला. पर्व्हिस जमिनीवरून उठून जवळ आला. वाडगा रिकामा झाला.

"विष आत उतरायला वेळ लागतो म्हणे," ड्यूई म्हणाला. "अजून एक द्या. खात्री पटली पाहिजे."

दुसरा गेला. पातेल्याकडे तो स्वतः चालत गेला तेव्हा इमोजीनने पळीवर हात ठेवला.

"तिसरा कुणी सांगितला होता?"

"माझंच शेत आहे," ड्यूई म्हणाला. व्हिनेगरची बाटली त्याने बरोबर नेली.

कुणी आजारी पडलं नाही. पण मनात एकदा किडा वळवळला की वळवळला. सोमवारी शेतात कुणी आलं नाही, मंगळवारीही नाही. ड्यूईने पाटी काढून टाकली, तर लोक म्हणाले, बघा, पुरावा नाहीसा केला. इमोजीनने तर, "मला काय, दुसरीकडे मिळतो," असं म्हणून गाडीचा रस्ताच बदलला. हरलो असं वाटता वाटता ड्यूई लढाई जिंकला होता.

जानेवारीत शेत गच्च होतं. संध्याकाळी हरणं यायची, पाला ओरबाडायची, खुरांनी माती उकरून कंद काढायची. ती हरिणीही आली. तिच्या कुशी भरल्या होत्या, बरगडी एक दिसत नव्हती. ओसरीवरून बघताना ड्यूईला भरून आलं. दुकानात तो चार शब्द जास्त बोलला.

त्यानंतरच्या रविवारी, चर्चमधून आल्यावर, नेल्डा कपडे बदलायला आत गेली आणि ड्यूई टोपली घेऊन हळूच गोठ्यामागे निघाला. हरिणी शेतातच होती. ती पळाली नाही. ड्यूई वाकला आणि कोवळा, थंडीने गोड झालेला पाला बघून बघून खुडू लागला. हरिणीने पुढचा पाय जमिनीवर आपटला.

त्याने दुर्लक्ष केलं. तिने पुन्हा पाय आपटला आणि नाकातून जोरात फुरफुर केलं. त्या नजरेने ड्यूई चपापला. ती कुठे पाहिली होती ते आठवायला वेळ लागला नाही. सबंध नोव्हेंबर ओसरीवरून तो स्वतःच तसा बघत होता.

वाकून वाकून ऊन लागायला लागलं होतं. त्याने रविवारचा कोट काढला, बुजगावण्याच्या हातावर नीट घडी घालून टाकला, आणि हरिणीकडे बघून म्हणाला,

"पाय काय आपटतेस? अर्धं शेत माझ्या बायकोचं आहे."