सासूबाई उजेडात विरघळल्या

ड्रोनने चित्रण करताना पांढरं जळू द्यायचं नाही! एवढं सांभाळलं की बाकीचं आपोआप जमतं, हे मी मिठाच्या वाळवंटाकाठच्या आमच्या उयुनीतल्या निम्म्या गावाला ऐकवून झालं होतं. उजेड जास्त आत शिरला की चित्रातलं पांढरं कोरं होतं, आणि त्या कोऱ्यातून मग देवालाही काही परत काढता येत नाही. आमच्याकडे तर नजर जाईल तिथपर्यंत मीठच! पण सात वर्षं मी त्या मिठावर लग्नं टिपतोय. माझ्या हातून पांढरं जळणं म्हणजे माशाने बुडून मरणं!

म्हणून तर सासूबाईंच्या लग्नाचं काम मी हट्टाने मागून घेतलं.

हो, सासूबाईंच्याच लग्नाचं. वय एकसष्ट, बारा वर्षं एकट्या. नवरदेव इलारिओनकाका, जन्मभर मीठ खणलेला, दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस. माझी मेहुणी बेनिग्ना माद्रिदला लोकांच्या घरची कामं करते. कागदपत्रं नाहीत, एकदा तिथून निघाली की परत जाणं बंद. आईचं लग्न तिला दिसणार होतं ते फक्त माझ्या चित्रणातून.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "पोरीने नऊ वर्षांत मला धड बघितलेलं नाही. फोनवर माझं निम्मं नाकच दिसतं. नीट दिसले पाहिजे हं मी!"

"आई, तुमच्या शालीचा धागान्‌धागा मोजता येईल!"

लग्नाचा दिवस उजाडला. आदल्या रात्रीच्या पावसाने मिठावर बोटभर पाणी साचलं होतं. वारा नव्हता. वर आकाश, खाली आकाश, आणि मधून वरात चाललेली! ढगांवर पाय ठेवत सासूबाई निघाल्या. पांढरा घेरदार झगा, पांढरी शाल. शेजारी उसन्या पांढऱ्या कोटात इलारिओनकाका. पाठीमागे बँडवाले. तुतारीचा सूर पाण्यावरून इतका हळू तरंगत येत होता की आपण कुठल्या बाजूला उभे आहोत, आकाशाच्या वर की खाली, हेच कळेना. मी तर काम विसरून दोन मिनिटं नुसता बघतच राहिलो.

मग यंत्राच्या डोळ्यावर काळी काच चढवली आणि उडवलं. हातातल्या पडद्यात बघतो तर काय, संध्याकाळ झाल्यासारखा काळोख!

"अरे, फारच अंधारं येतंय!" असं म्हणून मी उजेड वाढवला. तरी अंधारंच. आणखी वाढवला.

माझी बायको झेनोबिया पडद्यात डोकावली. "ओविदिओ, हे पट्टे कसले रे हलतायत?"

"पाहुण्यांची लामाच्या लोकरीची पट्टेरी घोंगडी!"

"एवढी? आणि आभाळातसुद्धा?"

"पाण्यात प्रतिबिंब पडतंय ना! तू नवरीकडे बघ!"

"नवरी दिसत नाहीये म्हणून तर विचारतेय!"

मी हसलो. बायकांना तांत्रिक गोष्टी कुठल्या कळायला!

दुपारी जेवणं उरकली आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर चित्रण लावलं. पन्नास माणसं बसलेली. तुतारी वाजली, आणि भिंत पांढरी झाली. तशीच पांढरी राहिली. जरा वेळाने त्या पांढऱ्यातून काळ्या टोप्या तरंगत आल्या. खाली माणसं नाहीत! टोप्यांमागून एक तुतारी आली, तीही आपली आपण वाजत.

"मी कुठाय?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, तुम्ही... त्या दोन टोप्यांच्या मध्ये."

"तिथे काहीच नाही!"

इलारिओनकाका दिवसातलं पहिलं वाक्य बोलले. "माझी मिशी दिसली मगाशी."

मी कपाळाला हात लावला, आणि हाताला लागला माझा गॉगल! मिठावर डोळे दिपतात म्हणून सकाळी घातलेला, तो मी जेवतानाही काढला नव्हता. अंधार पडद्यात नव्हता, माझ्या नाकावर होता! आणि ते पट्टे म्हणजे 'जळतंय, जळतंय!' म्हणून यंत्राने मारलेल्या हाका!

सासूबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शालीच्या टोकाने डोळे टिपून त्या उरलेलं सूप काढून ठेवायला उठल्या.

"आई, उद्या पुन्हा घेऊ," मी मागोमाग गेलो. "पाहुणे अजून दोन दिवस इथेच आहेत."

"लग्न का रोज लागतं?"

"तुमचं तसं दुसरंच आहे..."

"म्हणून तिसरं लावू का?" त्यांनी डाव उगारला. मग तो हळूच खाली आला. "किती वाजता निघायचं?"

दुसऱ्या दिवशी दुपार उतरल्यावर आम्ही निघालो. उन्हाचा धारदारपणा गेला होता, पाणी गुलाबी झालं होतं. रात्रीच्या चिचाने, म्हणजे मक्याच्या दारूने, निम्मी वरात झिंगलेली, तुतारीवाला भलतंच गाणं वाजवतोय. पण मी गॉगल घरीच ठेवून आलो होतो! पडदा दिसावा म्हणून बायकोचं पट्टेरी घोंगडं डोक्यावरून घेतलं, वाकलो, आणि आत अंधारात नजर पडद्यावर खिळवली. पट्टा दिसला की उजेड कमी, पुन्हा दिसला की आणखी कमी. यंत्र वर, वरात पुढे, मी मागे. डोकं बाहेर काढलं नाही.

आणि काय चित्रण आलं म्हणून सांगू! गुलाबी ढगांवरून सासूबाई चालतायत, शालीचा धागान्‌धागा वेगळा! एका ठिकाणी इलारिओनकाका त्यांचा हात धरतात आणि कानात काहीतरी सांगतात. त्या लाजतात. हे वाक्य चारांत धरायचं की नाही, कोण जाणे! भिंतीसमोरच्या पन्नास माणसांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी माझ्या ताटात मांसाचा सगळ्यात मोठा तुकडा वाढला.

भिंतीवर लावण्याआधीच मी ते माद्रिदला पाठवून दिलं होतं, तेवढ्यात तिथून फोन आला. बेनिग्ना रडत होती. "आई, किती गं सुंदर दिसतेस! सगळं दिसलं, सगळं! मी चार वेळा बघितलं."

माझी छाती फुगली.

"फक्त एक सांग," ती नाक पुसत म्हणाली, "ते पट्टेरी घोंगडं पांघरलेलं लामा सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुमच्या मागे मागे फिरतंय, त्याला कोणी हाकललं कसं नाही?"