दाढदुखीचं घोंगडी-केंद्र

नवी पेठेत निंगप्पांचं घोंगड्यांचं दुकान आहे, हे नवी पेठेला ठाऊक होतं, इंटरनेटला नव्हतं. ही गंभीर उणीव दूर करण्यासाठी सोनम नावाची मुलगी गळ्यात ओळखपत्र अडकवून दुकानात आली. ती व्यवसायांची यादी चालवणाऱ्या एका कंपनीची प्रतिनिधी होती. वर्गणी भरली की मोबाइलवर शोधणाऱ्याला निंगप्पांचं नाव सगळ्यात वर दिसणार होतं.

"पण काका, 'घोंगडी' हा शब्द कुणी शोधतच नाही," ती खेदपूर्वक म्हणाली. "सगळे 'दाढदुखी' शोधतात. तोच कीवर्ड लावू."

"आन् दाढ दुखणारा हितं यिऊन काय करंल?"

"ते नंतर बघू. आधी तो आला पाहिजे की!"

यात निंगप्पांना चूक काढता येईना. त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. "आमी घोंगड्या इकतो," असं निंगप्पा प्रत्येकाला खरं सांगत राहिले. आठवड्याभरात कंपनीचं पत्र आलं : आपण ग्राहकांची निराशा करीत आहात, सबब आपला पहिला क्रमांक धोक्यात आहे. क्रमांक मिळून जेमतेम आठ दिवस झाले होते, पण तो जाणार म्हणताच निंगप्पांचं जेवणावरून मन उडालं.

मग ते रुग्णांना बसवून घेऊ लागले. अक्कलकोटहून गाल सुजवून आलेल्या पार्वतम्मांना त्यांनी घोंगडीत गुंडाळून चहा पाजला. उबेनं म्हातारीला डुलकी लागली. उठल्यावर तिनं सुनेकडून पाच तारे देववले आणि शेरा लिहवला : 'डॉक्टर लई शांत. इंजेक्शन न्हाय.'

खऱ्या दंतवैद्य, डॉक्टर राजनंदिनी, त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर रिकाम्या खुर्चीशेजारी बसून होत्या. 'दाढदुखी' आधीच विकली गेल्यामुळे सोनमनं त्यांना शिल्लक कीवर्ड दिला होता : 'घोंगडी'.

अखेर दोघांची जिन्यात गाठ पडली. तुमचे तुम्हाला, माझे मला, असं ठरलं. महिनाभर दाढा वर जात राहिल्या, घोंगडीवाले खाली येत राहिले. मग दोघांनाही नोटीस आली : ग्राहकास योग्य पत्ता सांगणे हा कराराचा भंग आहे. दोघांनी ताबडतोब बंद केलं.

पुढच्याच सोमवारी निंगप्पांची स्वतःची दाढ ठणकू लागली. गाल धरून ते जिना चढू लागले. तिसऱ्या पायरीवर थांबले, मोबाइल काढला. डॉक्टरीणबाईंना दीड तारा होता. खाली शेरे होते : 'घोंगडी मागितली तर तोंड उघडायला लावलं.' 'माल दाखवत नाहीत, नुसत्या सुया दाखवतात.'

घोंगडी शोधत चुकून वर गेलेल्यांनी हे शेरे का लिहिले, हे निंगप्पांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ते जिना उतरू लागले.

"काका, परत का चाललात?" वरून राजनंदिनींनी विचारलं. "गाल केवढा सुजलाय! या, लगेच बघते."

"बाई, तुमचा हात चांगला हाय, ठावं हाय मला. पर दीड ताऱ्यावर कसं बसायचं खुर्चीत?"

"अहो, पण कुणी आलंच नाही तर तारे वाढणार कसे?"

"त्ये बी खरंच की," निंगप्पा मनापासून म्हणाले आणि जिन्याच्या तोंडाशी येऊन त्यांनी रिक्षाला हात केला. "वाढू द्या तारं. मग पैला पेशंट मीच."