समोरून वाचणारे सलीमभाई

आमच्या सलीमभाईंना पुस्तक सरळ धरून वाचायला मजा येत नाही. समोरच्यानं धरलेलं, त्यांच्या बाजूनं उलटं दिसणारं काहीही द्या, फडाफडा वाचतील.

छावणीतल्या हॉटेलात कुणी टेबलावर पेपर पसरला की हे समोर हजर. तो बिचारा अर्ध्यात असतो आणि हे म्हणतात, "माझं झालं. पलटवा!" वाळूजच्या कारखान्यात असताना साहेबाच्या टेबलावरचे कागद उभ्या उभ्या वाचायचे. बदलीचं पत्र हातात पडायच्या आधी सलीमभाईंचं सांत्वन पोचलेलं असायचं.

"ही विद्या आणली कुठून?" मी एकदा विचारलंच.

"वहिनी, घरात पुस्तक एक आन् भावंडं पाच. पुस्तक थोरल्या आपाच्या मांडीवर, तिच्या दोन्ही बाजूला बाकीचे. मी शेंडेफळ, मला जागाच नाय. समोर बसलो, तिथनंच शिकलो."

रिटायर झाल्यावर एकदा औरंगपुऱ्यातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना लहानपणीचं तेच चित्रांचं पुस्तक सापडलं, खारीच्या गोष्टीचं. तीन जिने धावत चढून आले. "मिळालं वहिनी, मिळालं!" मला वाटलं, लॉटरीच लागली.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी जिन्याच्या चौकात पोरांची शाळा. पुस्तक पोरांकडे तोंड करून, सलीमभाई समोरून वाचणार. कावळा खोकतो काय, अस्वल घोरतं काय, सगळी बिल्डिंग जागी! फक्त एका पानावर त्यांचा आवाज बसतो. खार सरसर झाडावरच्या ढोलीकडे चढते, पण ह्यांच्या बाजूनं ती डोकं खाली करून कोसळताना दिसते. तिला झेलायला ते पानाखाली ओंजळ धरतात.

"अहो, वर चढतीय ती," मी म्हणाले.

"मालूम है वहिनी. पण चार वर्षांचा होतो तेव्हापासनं ती माझ्या अंगावरच पडतीय!"

माझी मुक्ता पाच वर्षांची, पण तोरा मुख्याध्यापिकेचा. एका रविवारी फर्मावलं, "चाचा, तुम्ही इकडं या. आमच्यात बसा."

"नक्को गं बेटा. मी इथंच बरा."

पुढच्या रविवारी सलीमभाई आलेच नाहीत. घसा बसलाय म्हणे. त्याच्या पुढच्या रविवारीही घसाच. मला राग आला. एवढा मोठा माणूस, पोरांना ताटकळत ठेवतो म्हणजे काय! मुक्ताला घेऊन तडक त्यांच्या दारात गेले. घसा चांगला ठणठणीत होता.

"खरं सांगू?" ते म्हणाले. "आपा गेल्यावर लहानपणातलं एवढंच उरलंय माझ्याकडं. त्या बाजूला मी कधी बसलोच नाय. बसलो आन् ती मजाच गेली तर? मग काय राहिलं?"

मुक्तानं टेबलावरचं पुस्तक उचललं आणि चालू पडली. आम्ही मागे. जिन्याच्या चौकात ती मधोमध बसली, पुस्तक मांडीवर. "सरका रे," म्हणत तिनं पोरांना ढकललं आणि शेजारची फरशी थोपटली. "चाचा, बसा."

सलीमभाई बसले. दोन्ही गुडघे वाजले. त्या ढकलाढकलीत दुसऱ्या मजल्यावरची अडीच वर्षांची पिहू बाजूला पडली, ती रांगत समोर जाऊन बसली.

मुक्ताला कुठं वाचता येतंय! चित्रं बघून तिनं बिनधास्त ठोकून दिलं. अस्वलाला मामा केलं, कावळ्याला ताप आणला. सलीमभाईंनी एकदाही चूक काढली नाही. मग ते पान आलं. त्यांनी श्वास रोखलेला मला दिसला.

"अरे," ते हळूच म्हणाले, "घरी चाललीय की ही!" आणि इतके खळखळून हसले की पोरंही हसायला लागली. मलाही हसू आवरेना.

हसता हसता त्यांची नजर समोर गेली. पिहू मान वाकडी करून, तोंड उघडं टाकून, पुस्तक उलटं बघत होती. डोळे भरून आले सलीमभाईंचे.

"वहिनी," ते म्हणाले, "आपाला इथनं मी दिसायचो."

"बोलू नका चाचा," मुक्ता म्हणाली, "गोष्ट चाललीय."